होडीचे तांदूळ

काकीने पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल टाकल्याबरोबर तिने माझा उजवा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बाईनू, मूठ करा बगूया."

मी मूठ केली. करणार काय? दिवाळीची सुटी संपवून वेंगुर्ल्याहून बोटीने मालवणला, तिथून बैलगाडीने आणि शेवटी तरीतून, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडी ओलांडून त्या गावच्या शाळेवर रुजू व्हायला आले होते. सगळं गाव जिला काकी म्हणतं तिच्याकडे खोली मिळेल, एवढंच कळलं होतं; भांडायचं त्राण अंगात नव्हतं. तिने माझी मूठ तळहातावर तोलली, जरा दाबली आणि निकाल दिला.

"खडू धरूची मूठ. बारकी आसा, पण चलात. पडवीतली खोली तुमची. भाडा म्हयन्याक, तांदूळ रोज."

मी मनात म्हटलं, चांगल्या घरात येऊन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाताला तांदूळ काढत होते, तर ही दारात उभी. "त्यातली एक मूठ भायर काढा," म्हणाली.

"कशाला?"

"होडीक."

यापलीकडे खुलासा नाही. मूठभर तांदूळ पदरात घेऊन ती निघून गेली आणि मी वरणाची डाळ धूत विचार करत बसले, की होडी तांदूळ खाते तरी कशी?

ते प्रकरण मला पुढच्या बाजाराच्या दिवशी समजलं. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, बाजार पलीकडे, आणि मधे ती तरीची होडी. ती चालवणाऱ्याला तिकडे तारी म्हणतात. या तारीचा एक रिवाज होता. बाया टोपल्या घेऊन होडीत बसल्या, की वल्ह्याला हात लावण्याआधी तो प्रत्येकीच्या टोपलीत हात घालायचा आणि मूठभर माल काढून घ्यायचा. तिसरे म्हणजे शिंपले असोत, मिरच्या असोत, ओले काजू असोत, मूठ ठरलेली. त्याच्या बापाच्या वेळेपासून हेच चालत आलेलं. त्याचा पंजा असा, की त्याची मूठ म्हणजे आमच्या तीन मुठी. अंडी घेऊन जाणारी बाई तर होडीत बसल्या बसल्या रडकुंडीला यायची. काकी सुंभ वळून विकायची. सुंभाची मूठ कशी काढणार? तर तारी सुंभाचे वेढे मुठीभोवती घेऊन कोयतीने तोडायचा. नवे पैसे आले तेव्हा बायांनी पैसे देऊ केले, पण तो म्हणाला, "माका ह्या नव्या पैशातला कायेक कळणा नाय. मूठच बरी."

बरं, मूठ घेऊन वेळेवर तरी न्यायचं? त्याचंही नाही. मनात आलं तर निघणार, नाहीतर माडाखाली झोपणार. पलीकडे पोचेपर्यंत बाजार उठलेला असायचा, आणि नासलेली मासळी घेऊन बाया परत यायच्या. त्या रात्री त्या घरांत पेजही पातळ व्हायची.

असं म्हणतात, की काकी एकदा कसल्याशा निरोपाला तारीच्या घरी गेली. तिथे अंगणात मिरच्या वाळताहेत, पडवीत काजूचा ढीग, शिंक्यावर अंडी, वळचणीला सुंभाचे वेढे. दुसरी कोणी असती तर तिथेच त्याच्या सात पिढ्या काढून आली असती. काकी घरी आली आणि शेजारणींना म्हणाली, "तेचा घर आमच्या मुठीर चलता गो. मुठी-मुठीन घर चलता, तर मुठी-मुठीन होडी कित्याक येवची नाय?"

बायांना वाटलं, म्हातारीला भर उन्हातून येऊन काही झालं. पण दुसऱ्या दिवसापासून रोजच्या भाताच्या तांदळातली एक मूठ काढायला वाडीतल्या साताठ बायांनी सुरुवात केली, आणि मी गेले तेव्हा वाडीतलं जवळपास प्रत्येक घर त्यात होतं. तांदूळ काकीच्या माजघरात तीन कणग्यांत पडायचे. त्या कणग्यांना तिने नावं ठेवली होती: सासू, जाऊ आणि नणंद. "जावेचा पोट भरला, आता नणंदेत घाला," असं तिचं चालायचं. सासू सगळ्यात मोठी होती. "ती भरतली तेव्हा खरा," म्हणून काकी तिच्याकडे नेहमी संशयाने पाही.

तांदूळ नुसते साठवून ठेवले तर किडे पडणार, हे तिला काय सांगायला हवं? आषाढात घराघरांतले डबे वाजू लागले, की कणग्या उघडायच्या. ज्या घरात चूल पेटायची पंचाईत, त्या घरची बाई पायली घेऊन यायची. नेताना पायली सपाट, वर हात फिरवून. सुगी झाल्यावर परत आणताना तीच पायली शिगेची, वर राहतील तेवढे तांदूळ रचून. ती शीग म्हणजे व्याज. दुकानदाराकडे पायलीला दीड पायली घालावी लागे, त्यामानाने ही शीग म्हणजे काहीच नव्हे. पण फुकट मात्र एक दाणा नाही. खुद्द काकी एका आषाढात पायली घेऊन स्वतःच्याच कणगीपुढे उभी राहिली, शेजारच्या सावित्रीला बोलावून तिच्या हातून सपाट मापून घेतली आणि सुगीत शिगेने फेडली. आपल्याच घरात आपणच उधार. मी हसले तर मला म्हणाली, "माजघर माझा, तांदूळ काय माझे नायत."

सभा कुठे भरायची? तरीवर. तारी माडाखाली घोरत पडलेला आणि या बाया काठावर टोपल्या टेकून बसलेल्या. "झोप रे बाबा, झोप," काकी म्हणायची, "आमचा आजून बोलून झाला नाय." एखादीने तक्रार काढली, की अमकीची मूठ लहान, माझी मोठी, मग होडीत तिचा वाटा माझ्याइतका कसा? काकी म्हणाली, "देवान हात दिलो तो काय मापून दिलो? मूठ जेची तेच्या हाताएवढी. पण भरलेली होयी." विषय संपला.

भरलेली हवी, यावर तिचा फार कटाक्ष. सकाळी चुलीवर आधण ठेवायच्या वेळी ती कोणाच्या दारात उगवेल याचा नेम नसे. सैल मूठ तिला लांबूनही दिसायची. एका नव्या नवरीने तांदळाऐवजी कण्या घातल्या, तर हिने तरीवर सगळ्यांच्या देखत त्या तिच्याच पदरात ओतल्या. पोरगी ढसाढसा रडली. मला ते मुळीच आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "काकी, या पोरी सासूपेक्षा तुम्हालाच जास्त भितात."

"भितत मा? बरा झाला," म्हणाली आणि दिवसभर खुशीत होती.

एकंदरीत तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. चहात साखर घालायची ती देवाला नैवेद्य दाखवल्यासारखी. पहाटे उठून काथ्या कुटायला बसायची, ती बरोबर माझ्या उशीच्या भिंतीपलीकडे. तोंडाचा पट्टा तर अखंड. घरात कोणी नसलं, तर कणग्यांशी बोलायची. तिचा नवरा कधीकाळी गलबतावर तांडेल होता, त्याची काळी छत्री तिने जपून ठेवली होती. मुसळधार पावसातही ती छत्री काखेत मिटून आपण भिजत जायची. मी एकदा न राहवून विचारलं. "छत्री भिजली तर सुकत घालूक होयी," ती म्हणाली, "मी काय, चलता चलता सुकतंय."

एकदा विकास गटाचे एक साहेब आले. त्यांना कोणीतरी काकीच्या या मूठ-मूठ तांदळाच्या मंडळाविषयी सांगितलं होतं. बिचारे सज्जन होते, अल्पबचतीवर छान बोलले. काकीने त्यांच्यासाठी आपली राखून ठेवलेली शुद्ध मराठी बाहेर काढली. "साहेब, आपण आमच्यात जेवून जाल तर आम्हांस फार बरे वाटतील." साहेबांनी हसून मान डोलवली. मग हिने त्यांना थेट चुलीपाशी नेलं, त्यांच्या वाटणीच्या तांदळात त्यांचा हात घालायला लावला आणि ती मूठ कणगीत टाकून घेतली. साहेब जेवताना मला हळूच म्हणाले, "बाई, ही होडी कधी होणार?"

मी म्हटलं, "सुतार दसऱ्यानंतर लाकडाला हात लावतो म्हणालाय."

ते खरंच होतं. सासू गळ्यापर्यंत भरली होती. काकीने पलीकडच्या सुताराशी बोलणी केली होती. आषाढात दिलेले तांदूळ सुगीला शिगेने परत आले, की सगळं विकून होडीचा मेळ बसत होता. त्या वर्षी बायांच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता. होडीला रंग कोणता द्यायचा, यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं.

आणि आषाढी अमावास्येच्या उधाणात खाडीचा बांध फुटला.

हा बांध म्हणजे आमच्या गावाचा जीव. त्याच्या अलीकडे भातशेती, पलीकडे खारं पाणी. रात्रभर भरतीचं पाणी त्या भगदाडातून शिरत राहिलं. सकाळी पाहिलं, तर नुकतं लावलेलं भात निम्म्या मळ्यात पाण्याखाली आणि वर खाडीचे मासे उड्या मारताहेत. ते शेत गेलंच. उरलेला निम्मा मळा जरा उंचावर होता, तो वाचला होता. पण पंधरा दिवसांनी पुनवेचं उधाण येणार होतं. त्याच्या आत भगदाड बुजलं नाही, तर तोही जाणार, आणि खार बसलेल्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं काही पिकणार नाही.

पुरुष मंडळी देवळात बसून खल करत होती. पूर्वी खोत बांध राखायचा. खोती गेली तशी बांधाला धनी राहिला नाही. बांध सरकार बांधील, यावर सगळ्यांचं एकमत झालं, फक्त सरकारला ते अजून कळायचं होतं. मोलाने माती टाकावी, तर पैसे कोणाकडे? आणि बिनमोलाने टाकावी, तर पोटात काय?

बाया काकीच्या खळ्यात जमल्या. सावित्री सगळ्यांत फटकळ. तीच म्हणाली, "काकी, कणगी उघड आणि वाटून टाक. सुगीच नाय, तर परत कोण आणतलो? पोरांका काय खारा पाणी पाजू?"

"आणि होडी?" मागून कोणीतरी म्हणालं. "इतकी वर्सा पोटाक चिमटो काढलो तो वाया?"

दोन्ही बाजूंनी गलका झाला. एरवी काकीच्या एका शब्दाने तो मिटला असता. पण ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर दोन दिवस ती बोलली नाही. ही बाई एकदा तरी गप्प बसू दे, म्हणून मी किती वेळा देवाला सांगितलं होतं. पण ती खरोखर गप्प बसली तेव्हा मला घरात थांबवेना. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी माजघरात गेले. ती सासूला टेकून बसली होती.

"वाटूक माका येणा नाय, बाई," ती आपणहूनच म्हणाली. "वाटलेला आठ दिसांत सपता आणि माणूस परत थंयच बसता. आणि ठेवूकय येणा नाय. पोरांच्ये बरगडे दिसतत."

मी तिच्याजवळ बसले. मग ती म्हणाली, "माका ती होडी होयी होती गो. माझ्या डोळ्यांदेखत होयी होती." पहिल्यांदाच मला 'गो' म्हणाली. त्या बाईच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते तेवढंच.

सकाळी उठले तर काथ्या कुटण्याचा आवाज नाही, आणि माजघरात सासूचं तोंड उघडं. मी बांधाकडे धावले. काकीने भगदाडाशेजारी झावळ्यांची खोप उभी केली होती, तीन दगड मांडले होते आणि देवळातून आणलेल्या हांड्यात पेज रटरटत होती. तिने कोणालाही बोलावलं नव्हतं. उकडत्या तांदळाचा वास वाऱ्यावर वाडीत गेला, तेवढं आमंत्रण पुरलं.

आधी पोरं आली. माझ्याच वर्गातली. करवंटी पुढे केली, तर काकीने पळी मागे घेतली. "आधी माती."

"खंयची माती?"

"ती बग थंय. होयी आसा ती भगदाडात. टाकून ये आणि पेज खा."

पोरांना तो खेळच वाटला. ओंजळ ओंजळ माती टाकून ती नाचत परत आली. मग बाया आल्या, डोक्यावर इरली आणि हातात टोपल्या. ज्या टोपल्यांतून बाजाराला माल जायचा, त्यांतून आता चिखल जाऊ लागला. दुपारी पुरुष आले. आधी लांब उभे राहून बांध कसा बांधावा ते सांगू लागले. काकी म्हणाली, "तोंडान बांध होता तर मी कालच बांधलंय असतंय. माडाचे वोंडके आणा." हसत हसत गेले आणि माडाचे बुंधे घेऊन आले. त्या दिवशी शाळा बांधावरच भरली. मीही मुलांबरोबर माती टाकली आणि पेज प्याले, आणि तशी पेज मी पुन्हा कधी प्याले नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तारीची बायको आली. डोक्यावर मातीची टोपली, मान खाली. बायांत कुजबुज सुरू झाली. सावित्री मोठ्याने म्हणाली, "ह्यांच्या घरात आमच्या मुठी सपल्यो काय?" तारीची शेतंही त्याच मळ्यात होती, आणि बाया बाजाराला जायच्याच थांबल्यावर त्याला मूठ देणार कोण? काकीने सावित्रीकडे नुसतं पाहिलं. तारीच्या बायकोची टोपली भगदाडात उलटी झाल्यावर तिची करवंटी इतरांसारखीच काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी तारी स्वतः आला. त्याच्या पंजाचा उपयोग तिथे झाला; दोघांना न हलणारा दगड तो एकटा हलवायचा.

पुनवेच्या आदल्या दिवशी भगदाड बुजलं. रात्री उधाण आलं, बांधाच्या कडेपर्यंत पाणी चढलं आणि उतरलं. निम्मा मळा वाचला. तिन्ही कणग्या मात्र रिकाम्या झाल्या होत्या. सावित्री काकीचे पाय चेपत बसली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "काकी, आता तुझ्या हयातीत होडी येवची नाय गो."

"हयातीत येवक कित्याक होयी? माझी काय तेच्यातसून वरात काढूची आसा?" काकी म्हणाली. पण मला त्या संध्याकाळचं बोलणं माहीत होतं. मला सावित्रीचा राग आला, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी काकीने भाताला मूठ दोन मूठ तांदूळ काढले, त्यातली एक सासूत नेऊन टाकली. कणगीच्या बुडावर दाण्यांचा असा आवाज झाला, की पडवीत मला ऐकू आला. मग ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी माझी मूठ काढून दिली.

पुढे माझी बदली वेंगुर्ल्याला झाली, लग्न झालं, एक मुलगीही झाली. गावची खबर कोणा ना कोणाकडून मिळायची. एका वर्षी नारळी पुनवेच्या सुमारास निरोप आला: होडी झाली, बाईंना म्हणावं या.

मी गेले. फणसाच्या लाकडाची, मधाच्या रंगाची होडी होती. रंगाचं भांडण मिटलं नव्हतं, म्हणून रंगच दिला नव्हता. आणि वल्ह्यावर कोण, तर तोच तारी! मी काकीकडे पाहतच राहिले. पूर्वीपेक्षा बरीच वाकली होती.

"त्याला कशाला घेतलंत?"

"खाडी तेका ठावक आसा. आमी काय होडी बुडवूक केली?" मग आवाज चढवून, त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "टोपलेक हात लावूचो नाय, इतक्याच सांगितलंय. सुगीत तेका तांदूळ मंडळ देतला. आणि सकाळी माडाखाली निजलो तर पाण्यात घालतलंय."

तारी खाली बघून हसला. त्याचेही केस पिकले होते.

बाया टोपल्या घेऊन बसल्या. नारळ फोडला, होडी सुटली. पलीकडे लागल्याबरोबर सगळ्या धडाधड उतरून बाजाराकडे पळाल्या. वेळेवर पोचण्याची सवयच नव्हती कोणाला. काकी मात्र तशीच नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, बसून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिच्याजवळ टोपली नाही, सुंभ नाही, काहीच नाही.

"काकी, बाजारात यायचं नाही?"

"माका कायेक इकूचा नाय."

"काही घ्यायचंय?"

"नाय गो."

"मग आलात कशाला?"

ती नऊवारीचा पदर खोचून पाण्याकडे बघत बसली. तारीने होडी वळवली, आम्ही अलीकडे आलो. मला वाटलं आता उतरेल. उतरली नाही. "चल रे परत," म्हणाली. पुन्हा पलीकडे, पुन्हा अलीकडे. काठावरची पोरं हसू लागली. मला हसू आलं नाही. लग्न होऊन त्या गावात आल्यापासून ती ही खाडी ओलांडत होती, आणि डोक्यावर ओझं नसताना, कोणाला काही न देता, ती आज पहिल्यांदाच पाण्यावर बसली होती. माझे डोळे वाहू लागले ते मी पुसलेही नाहीत.

मधोमध आल्यावर तारीने वल्हं थांबवलं आणि अदबीने विचारलं, "काकीनू, आता खंय नेव?"

"खंय नाय रे," काकी म्हणाली. "तू वल्हव."